खांदे असलेली बाटली

एका राज्यात राजे मरत नसत, काचेचे होत.

असे पाच राजे झाले होते. सभामंडपात, सिंहासनाच्या मागे, ते ओळीने उभे होते. सकाळी सेवक येत आणि मऊ फडक्याने त्यांच्या नाकावरची, मिशांवरची धूळ पुसत. ऊन वर चढले की ते पाचही राजांच्या पोटांतून आरपार जाई आणि समोरच्या भिंतीवर सात रंग सांडत. प्रजा हात जोडी. राज्यातले ज्येष्ठ मान डोलावत आणि म्हणत, "याला अमरत्व म्हणतात."

सहावा राजा शंखपाल. तो अजून जिवंत होता, पण पोटापर्यंत काचेचा झाला होता. त्याला चालता येत नसे. भोई त्याला पालखीतून नेत आणि नेताना दोन्ही बाजूंना कापूस लावत, कारण काचेला धक्का सोसत नाही.

राजाला एकच मुलगी होती, तिचे नाव उल्का. तिच्यासमोर कुणी अमरत्वाची गोष्ट काढली की ती म्हणे, "हे अमरत्व नव्हे, ही मांडणी आहे. मुदपाकखान्यात पितळेचे डबे असेच लावून ठेवतात."

हे सारे घडले ते एका प्याल्यामुळे.

त्या राज्यात टेकड्याच टेकड्या होत्या आणि टेकड्यांवर द्राक्षमळे. दर शरदात मदिरेचा उत्सव होई. फार पूर्वी, पहिल्या राजाच्या काळी, त्या उत्सवाला कज्जल नावाचा मांत्रिक आला. अंगावर धूळ, पायांत तुटकी वहाण. राजाने त्याला शेवटच्या पंगतीत बसवले. सरदारांचे प्याले भरले, सावकारांचे भरले, आणि कज्जलाच्या प्याल्यात सुरईचा तळ पडला. काळा, जाड गाळ.

कज्जलाने प्याल्यात पाहिले आणि तो उठला. म्हणाला, "राजा, गाळ मला दिलास. आता गाळ तुझ्या घरचा. दर वर्षी तू स्वतःच्या हाताने ओतशील आणि पिशील. भांडं आडवं धर, त्याची मान जराशी जमिनीकडे झुकव, आणि धार आपणहून तुटेपर्यंत हात हलवू नकोस. हात आखडलास तर वेली वाळतील."

असे म्हणून त्याने मदिरेच्या हौदात उडी घेतली आणि तो विरघळला. तेव्हापासून दर वर्षीच्या मदिरेत गाळ होऊन तोच बसे. त्याचा एक कण जरी पोटात गेला तरी माणूस काचेचा होऊ लागे, म्हणून राजाखेरीज ती मदिरा कुणी तोंडाला लावत नसे. मदिरा फडक्यातून गाळावी, तर कज्जल फडक्यातून पाझरे. दुसऱ्या राजाने एकदा हात मागे घेतला, तर संध्याकाळपर्यंत अर्धी टेकडी उघडी पडली.

तेव्हाचे ज्येष्ठ एकत्र बसले. त्यांनी ठरवले, हे राजघराण्याचे प्रायश्चित्त आहे, ते नीट पार पाडावे. मग त्यांनी उत्सवासाठी खास सुरई घडवून घेतली. स्वच्छ काचेची, पाण्याच्या थेंबासारखी, वरपासून खालपर्यंत नितळ उतरती. तिला कुठे कोपरा नाही, वळण नाही, घडी नाही. "हिच्यात एक थेंबही मागे राहत नाही," असे ज्येष्ठ अभिमानाने सांगत. आणि ते खरेच होते. त्या सुरईतून सारे बाहेर येई, कज्जलासकट.

तर त्या वर्षी, उत्सव जवळ आला असता, राजवैद्याने शंखपालाला टिचकी मारून पाहिले. कमरेवर आवाज आला टण्. पोटावर आला टण्. बरगडीवर आला धप्.

वैद्य म्हणाला, "या वर्षीचा घोट काळजापर्यंत जाईल."

उल्का तिथेच उभी होती. ती म्हणाली, "आबासाहेब, पिऊ नका."

"वेली वाळतील, उल्के. राज्य काय खाईल?"

"मग सुरई बदलू."

तिथे प्रधान स्थाणुदत्त होता. ज्येष्ठांमधला तो सर्वांत ज्येष्ठ. तो म्हणाला, "राजकन्ये, सुरईचा आकार पूर्वजांनी ठरवलेला आहे."

"पूर्वज मागेच उभे आहेत, प्रधानजी. विचारून या त्यांना, आकार मानवला का."

राजाला हसू आले. पण तडा जाईल म्हणून त्याने पोट धरले आणि हळूच हसला. मग म्हणाला, "शापात धार आहे, हात आहे. भांड्याचं नाव नाही. तू दुसरं भांडं आणलंस तर मी त्यातून ओतीन. मात्र उत्सवाआधी ये."

उल्केने तळघरातल्या मदिरेने एक सुरई काठोकाठ भरून पाठीला बांधली, शेवंतीची काही फुले पदरात बांधली आणि ती निघाली.

वेशीबाहेर माळावर एक टिटवी उताणी पडली होती, पाय आभाळाकडे करून.

"काय गं, मेलीस की काय?" उल्का म्हणाली.

"आभाळ धरलंय," टिटवी म्हणाली. "माझी आजी धरायची, तिची आजी धरायची."

"जरा सोडून बघ."

टिटवीने पाय खाली घेतले. आभाळ होते तिथेच राहिले. टिटवी वर बघत बसली, तोवर उल्केने आपण कशाला निघालो ते तिला सांगितले. मग म्हणाली, "इतकी वर्षं पाठ दुखली ती फुकटच म्हणायची! राजकन्ये, तुझ्याबरोबर येते. तुला भांडं हवं असेल, तर काच जिथे जन्मते तिथे चल. जळत्या डोंगरात ज्वालोदरी राहते."

ज्वालोदरी राक्षसी होती. तिच्या पोटात निखारे होते आणि गाल कातड्याच्या भात्यासारखे. ती वाळू खाई आणि फुंकर मारून काच बाहेर काढी. डोंगराच्या गुहेत उल्केला पाहताच तिने तोंड उघडले.

"मावशी," उल्का पटकन म्हणाली.

राक्षसीने तोंड मिटले. मावशी म्हटल्यावर राक्षसिणींना खाता येत नाही.

"काय हवं, पोरी?"

"ज्यातून गाळ येत नाही असं भांडं."

"माझ्यात तीन फुंकरी उरल्या आहेत. चौथी मारली तर मी विझेन. फुंकर मी देईन. पण गाळ अडवणं हे फुंकरीचं काम नाही, ते आकाराचं. आकार तू आण."

उल्केने पाठीवरची सुरई उन्हात धरून पाहिली. आत गाळ नाचत होता. उजेड आला की तो वर उसळे, सावली आली की खाली बसू पाही, आणि पुन्हा उजेड आला की पुन्हा उसळे. स्वच्छ काचेत त्याला दिवसभर झोपच नव्हती.

"याला आधी झोपवायला हवं," उल्का म्हणाली. "मावशी, काच काळोखी करता येईल?"

"सावली आणलीस तर करीन. पण साधी नको. साधी सावली भट्टीत जळते. जुनाट वनातली आण."

जुनाट वनातली झाडे फार म्हातारी होती आणि सगळी बोलत. त्यांच्या सावलीत कुणी टेकले की ती गोष्ट सांगू लागत. गोष्ट संपेपर्यंत उठायचे नाही असा तिथला रिवाज होता, आणि गोष्ट कधी संपत नसे. ऐकता ऐकता कित्येक वाटसरूंना मुळे फुटली होती.

उल्का एका हिरड्याखाली बसली. हिरडा लगेच सुरू झाला.

"आमच्या वेळी, मुली, पाऊस असा नव्हता. आमच्या वेळी पाऊस म्हणजे, आणि तेव्हा वारासुद्धा, म्हणजे वाऱ्याची गोष्ट सांगायची तर आधी माझ्या आजोबांची सांगायला हवी..."

उल्केच्या पायाच्या बोटांना खाज सुटली. तिने पाहिले, नखातून बारीक पांढरे मूळ निघत होते.

"आजोबा," ती म्हणाली, "पुरे."

वनात असे कुणी कधी बोलले नव्हते. हिरडा गप्प झाला. बेहडा गप्प झाला. सारे वन अवाक होऊन उभे राहिले, पान हलेना. आणि पान हलेना तशी सावलीही हलेना. उल्केने ती जमिनीवरून उचलली, सतरंजीसारखी गुंडाळली आणि काखेत मारली. मागून हिरडा म्हणाला, "आजकालच्या मुली!" पण तोवर ती वनाबाहेर पडली होती.

ज्वालोदरीने सावली वाळूत कालवली, गिळली आणि पहिली फुंकर मारली. सुरईसारखेच भांडे बाहेर आले, उतरते आणि नितळ, पण रंगाने गडद हिरवे, शेवाळलेल्या विहिरीसारखे. उल्केने त्यात मदिरा भरली आणि दिवसभर वाट पाहिली. आत काळोख होता. कज्जल खाली बसला, निजला आणि घोरूही लागला.

तिने भांडे आडवे केले, मान झुकवली, हात स्थिर धरला. लाल, स्वच्छ धार प्याल्यात पडू लागली. टिटवी आनंदाने ओरडणार इतक्यात धारेचा शेवट काळा झाला. निजलेला गाळ उतारावरून घसरत घसरत थेट तोंडाशी आला होता.

उल्केने प्याल्यात शेवंतीचे फूल टाकले. ते तळाशी जाऊन खणकन वाजले.

"झोपला होता, तरी आला," टिटवी म्हणाली.

"उतारावर झोपलेलाही येणारच. वाटेत त्याला अडवणारं काही हवं."

ते काय असावे, हे तिला कळेना. विचार करत ती डोंगर उतरली आणि एका खिंडीत आली. तिथे धराधर नावाचा राक्षस उभा होता आणि त्याने दोन्ही खांद्यांवर भलामोठा कातळ तोलून धरला होता.

"बाजूला हो," उल्का म्हणाली.

"होता येत नाही. राजाने सांगितलंय, मी परत येईपर्यंत धर."

"कुठला राजा?"

"तिसरा."

"तो काचेचा झाला. त्याच्या मिशांवरची धूळ रोज पुसतात."

धराधर विचारात पडला. कातळ मात्र त्याने सोडला नाही. एवढ्यात पाऊस आला. उल्का उभी राहून पाहू लागली. पाणी राक्षसाच्या डोक्यावरून मानेवर ओघळे, मानेवरून खाली येई आणि खांद्याशी आले की थबके. सरळ, रुंद खांदे होते ते. गळ्यापाशीच्या खळग्यात पाण्याचे तळे साचले होते आणि त्या तळ्यात पालापाचोळा, माती, काड्या, सारे अडकून पडले होते. त्यातले काही पुढे जात नव्हते.

उल्केने टाळी वाजवली. "धराधरा! मी राजाची मुलगी. तुला हुकूम देते. कातळ खाली ठेव."

"खरंच ठेवू?"

"ठेव की! किती वेळ विचारशील?"

त्याने कातळ ठेवला. दरीत आवाज घुमला. त्याने दोन्ही हात वर केले, पाठ मोकळी केली आणि तो रडू लागला. मग हसू लागला. उल्केने चिखल मळून त्याच्या खांद्यावर थापला आणि साचा घेतला. गुदगुल्या होऊन तो पुन्हा हसला.

"बाई, दुसरं काही काम असेल तर सांगा," तो म्हणाला. "पण उभं राहण्याचं नको."

त्याने तिला, टिटवीला आणि साच्याला तळहातावर घेऊन जळत्या डोंगरापाशी पोचवले.

ज्वालोदरीने साचा भट्टीत धरला, तो आकसून हातभर झाला, तेव्हा तिने त्यात दुसरी फुंकर मारली. असे भांडे आजवर कुणी पाहिले नव्हते. अंग सरळ, मान बारीक, आणि अंग नि मान यांच्या मध्ये दोन ठाम खांदे. उल्केने मदिरा भरली, दिवसभर गाळ बसू दिला आणि भांडे आडवे केले.

धार आली. स्वच्छ आली. गाळ घसरत आला आणि खांद्याशी येऊन थांबला, जशी गुरे कुंपणाशी थांबतात. थोडी मदिरा खांद्याच्या आत अडकली आणि धार आपणहून तुटली.

"जिंकलीस!" टिटवी किंचाळली.

उल्केने फूल टाकले. अर्ध्या पाकळ्या फुलाच्या राहिल्या, अर्ध्या काचेच्या झाल्या.

प्याला उन्हात धरला तेव्हा मदिरेत बारीक धुरळा दिसला. भांड्याचा तळ सपाट होता. गाळ त्यावर पातळ पसरला होता, रस्त्यावरच्या धुळीसारखा. भांडे कलंडले की सगळा एकदम उडे. जड ते खांद्याशी थांबे, हलके ते धारेबरोबर जाई.

आता एकच फुंकर उरली होती. उत्सव दोन दिवसांवर आला होता.

"आकार सांग," ज्वालोदरी म्हणाली.

"माहीत नाही."

"मग जा, शोधून आण."

"वेळ नाही."

"वेळ नसेल तर तुझ्या राज्यातल्या मोठ्या माणसांना विचार."

ते ऐकून उल्केचे डोके तापले. "त्यांनाच विचारायचं? ज्यांनी बापाचे पाय काचेचे होताना पाहिले आणि वर टाळ्या वाजवल्या? त्यांनीच गाळाला सगळं अंगण मोकळं करून दिलं. मी असते तर त्याला पाय पसरायलासुद्धा..." ती मध्येच थांबली. "मावशी, त्याला पाय पसरायला जागाच द्यायची नाही. तळ मधून वर उचलायचा. कडेला फक्त चिंचोळा चर ठेवायचा. त्यात बसू दे त्याला दाटीवाटीने, एकावर एक. दाटीत बसलेला उडत नाही."

"सुचलं बरोबर," राक्षसी म्हणाली. "पण माझी फुंकर आतून बाहेर ढकलते. बाहेरून आत ढकलणारं कुणीतरी हवं. काच तेव्हा पेटलेली असेल. साधन लावलंस तर चिकटेल. हातच लागेल."

"हात भाजेल."

"आगीचा नियम ऐक. जो आगीला भितो त्याला ती भाजते. जो आगीहून जास्त तापलेला असतो, त्याला ती आपल्यातलाच समजते. तू किती तापली आहेस, ते तुझं तू पाहा."

ज्वालोदरीने तिसरी फुंकर मारली. काचेचा लाल गोळा साच्यात फुगला. त्याला मान आली, खांदे आले, अंग आले. तळ अजून मऊ होता आणि सूर्यासारखा धगधगत होता. उल्का समोर उभी राहिली. तिला सभामंडप दिसला, ओळीने उभे असलेले पाच राजे दिसले, आणि त्यांच्या शेजारी रिकामी ठेवलेली, आधीच झाडून घेतलेली सहावी जागा दिसली. तिने मूठ वळली आणि तळाशी खालून ठोसा मारला.

आग म्हणाली, "ये, बहिणी."

काच आत गेली. उल्केने हात बाहेर काढला. मनगटावरचा एक केसही जळला नव्हता. भांड्याच्या तळाशी, मधोमध, मुठीएवढा घुमट उभा राहिला होता आणि भोवती बोटभर चर.

ज्वालोदरी दमून भिंतीला टेकली. तिच्या पोटातले निखारे मंद पडले होते, पण विझले नव्हते. "नेऊन दाखव त्यांना," ती म्हणाली. "आणि पुढल्या वेळी येशील तेव्हा मावशीसाठी चांगली जाड वाळू आण."

या वेळी प्याल्यात पडलेले फूल फूलच राहिले.

उत्सवाच्या दिवशी सभामंडप भरला. उल्केने मदिरा भरून रात्रभर काळोखात उभी ठेवलेली ती हिरवी वस्तू हलक्या हाताने आणून राजासमोर ठेवली. सभेत कुजबुज उठली.

प्रधान स्थाणुदत्त पुढे आला. "हे काय आहे?"

"बाटली."

"बाटलीत औषध असतं, राजकन्ये. मदिरा सुरईत असते. सुरईचं अंग कसं, जणू थेंब! आणि याला खांदे आहेत. भांड्याला खांदे! मदिरा दिसतसुद्धा नाही. आणि बुडाला हे काय, पोचा आलाय?"

"मूठ मारली."

"काहीतरी चुकलं म्हणून?"

"नाही. जमलं म्हणून."

मागच्या रांगेतून कुणी तरी फिसकन हसले. प्रधान वळून पाहू लागला, तोवर राजाने हात पुढे केला. "द्या ती इकडे."

शंखपालाने बाटली आडवी धरली. मान जराशी जमिनीकडे झुकवली आणि हात स्थिर केला. धार सुरू झाली. लाल धार, माणकासारखी, सरळ, न थरथरता पडत राहिली. राजाच्या कपाळावर घाम आला. काचेच्या पायांवर बसलेल्या माणसाला हात स्थिर धरणे अवघड असते. त्याने ओठ आवळले. बाटलीच्या चरात दाटून बसलेला गाळ जागचा हलला नाही. जो थोडा निसटला, तो खांद्याशी येऊन अडला. धार बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि आपणहून तुटली.

उल्केने प्याल्यात शेवंती टाकली. ती तरंगली.

मागच्या रांगांतून आरोळी उठली. पण प्रधान ओरडला, "आत अजून उरली आहे! महाराज, जरा कलंडा. एक बोटभर! आजवर कुठल्याही राजाने भांड्यात मागे ठेवली नाही!"

"धार तुटली, प्रधानजी," उल्का म्हणाली. "हात हलवायचा नाही, हे तुमच्याच तोंडून शिकले."

राजाने बाटली सरळ करून खाली ठेवली. तेव्हा आतून कुणी तरी काचेवर टक् टक् केले.

"कोण आहे तिथे?" आतून आवाज आला. "माझ्या वाटेत खांदे कुणी घातले?"

"मी," उल्का म्हणाली. "उल्का, शंखपालाची मुलगी."

"मी कज्जल. आजवर मला कुणी अडवलं नव्हतं."

"आजवर तुम्हाला कुणी विचारलंही नव्हतं. आज मी विचारते. तुम्हाला काय हवं होतं?"

मग आवाज आला, पहिल्याहून हलका. "सगळ्यांना मिळाला तसा एक प्याला. वरचा. स्वच्छ."

एवढ्या वर्षांत राजे गाळ पीत राहिले, स्वतःला शिक्षा करत राहिले, आणि ज्याचा अपमान झाला होता त्याला साधा प्याला द्यायचे कुणाच्या मनातही आले नव्हते. आणि देणार तरी कुठून? त्या सुरईतून स्वच्छ प्याला निघतच नसे. असा प्याला त्या राज्यात आज पहिल्यांदा भरला होता.

"आबासाहेब," उल्का म्हणाली, "तो त्यांना द्या."

"नाही!" प्रधान मध्ये आला. "राजाने प्यायला हवी. शाप तसा आहे. वेली वाळतील!"

आणि खरेच, मंडपाच्या खांबावर चढलेल्या वेलीचे एक पान पिवळे पडले. मग दुसरे पडले. शंखपाल हातातल्या प्याल्याकडे पाहू लागला. तो प्याला म्हणजे त्याचा जीव होता. प्यायला तर काळीज वाचणार होते, वेली वाचणार होत्या. पाय काचेचे राहिले असते, मागचे पाच राजे काचेचे राहिले असते, पण तो स्वतः जगला असता. वेलीचे तिसरे पान गळून त्याच्या मांडीवर पडले आणि टण् वाजले.

राजाने लेकीकडे पाहिले. ती मान हलवत नव्हती, डोळेही मिटत नव्हती.

शंखपाल म्हणाला, "अतिथी, या. आमच्या घरून उशीर झाला." आणि त्याने प्याला बाटलीच्या तोंडाशी धरला.

बाटलीतून काळा धूर निघाला, राजासमोरच्या एका आसनावर बसला आणि त्याचा एक कृश म्हातारा झाला. अंगावर धूळ, पायांत तुटकी वहाण. त्याने प्याला दोन्ही हातांनी घेतला, उजेडात धरला, आरपार पाहिले आणि अर्धा प्याला संपवला. ओठ पुसले.

"जरा आंबट आहे," कज्जल म्हणाला.

"यंदा ऊन कमी होतं," उल्का म्हणाली.

"असेल. पण स्वच्छ आहे." त्याने उरलेला अर्धा प्याला राजापुढे केला. "घे, शंखपाला. एका प्याल्यातून पिणारे एकमेकांना शाप देत नाहीत."

राजाने तो रिकामा केला.

आणि सिंहासनामागे पाच राजे एकामागून एक शिंकले. एवढ्या वर्षांची धूळ नाकात होती. पहिला राजा डोळे चोळत म्हणाला, "भूक लागली." तिसरा राजा म्हणाला, "तो खिंडीतला राक्षस अजून उभाच असेल की! त्याला सोडायला पाहिजे." चौथ्याने पुढ्यातली बाटली उचलली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, "हिला हे खांदे कशाला? आमच्या वेळी..."

"आजोबा," उल्का म्हणाली, "आधी जेवा."

आणि पाचही राजे जेवायला गेले.

वेलींना नवी पालवी फुटली. कज्जलाने हौद सोडला आणि टेकडीवर झोपडी बांधली. मदिरा गाळावरून कधी काढून घ्यावी हे तो लोकांना सांगू लागला, आणि त्यात त्याची चूक होत नसे. स्थाणुदत्ताने प्रधानकीची वस्त्रे उतरवली आणि नितळ सुरयांचे एक दालन मांडून त्यात तो सुखाने धूळ पुसत बसला. उल्का युवराज्ञी झाली. तिने पहिला हुकूम काढला तो असा, की उत्सवात पहिला प्याला शेवटच्या पंगतीतल्या माणसाला द्यावा, आणि बाटलीतला गाळ कुणालाही न देता वेलींच्या मुळांशी ओतावा. त्या राज्यात पुढे ज्या बाटल्या झाल्या त्या साऱ्या गडद झाल्या, साऱ्यांना खांदे आले. तळ मऊ असताना खालून मूठ मारण्याचे काम मात्र मुलींकडेच राहिले, आणि त्या कामासाठी त्यांतल्या भांडखोरांची निवड होई.

पण हे सारे नंतरचे. त्या दिवशी, जेवणे चालू असताना, शंखपाल सिंहासनावरून उठला. त्याने आधी एक पाय टेकला, मग दुसरा. भोई धावत आले, कापूस घेऊन. त्याने त्यांना हाताने दूर केले आणि पायऱ्या उतरू लागला. उल्का मागे धावली. राजा अंगण ओलांडून थेट मळ्यात गेला. नुकतेच पाणी दिले होते, वाफे भरले होते. राजाने जोडे काढले आणि चिखलात पाय घातला. बोटांच्या फटींतून काळी माती वर आली.

"उल्के," तो ओरडला, "थंड आहे गं!"

"आबासाहेब, पाय माखले."

"माखू देत," राजा म्हणाला, आणि बांधावरून दुसऱ्या वाफ्यात त्याने उडी मारली.